धोंड्याला पळत आलेला जावई

आमच्याकडे जावयाने सासुरवाडीला कसं यावं, याची एक रीत आहे. एसटीतून उतरावं, टोपी नीट करावी, वेशीपाशी पान खात जरा रेंगाळावं म्हणजे घरी वर्दी जाते, आणि मग दोन्हीकडचे रामराम घेत रमतगमत दारात यावं. घाई करायची ती सासूने. माझ्या नवऱ्याने ही रीत अशी मोडली की अजून नेवाशाकडच्या लग्नांत त्याची गोष्ट निघते. आणि दरवेळी कुणीतरी ती चुकीची सांगतं, मला मेलीला कोपऱ्यात बसून ऐकावी लागते. म्हणून एकदाची मीच सांगते.

नवऱ्याचं नाव कारभारी. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मला ती अडचण कधी आलीच नाही, कारण नवऱ्याला कारभारी म्हणायची पद्धतच आहे. सोनईच्या ग्रामपंचायतीत यांना पाणी सोडायचं काम होतं. पहाटे टाकीपाशी जायचं, एकेका आळीचा कॉक लोखंडी किल्लीने उघडायचा, वेळ झाली की बंद करून पुढच्या आळीला पळायचं. एका आळीला जरा जास्त पाणी गेलं की दुसऱ्या आळीच्या बाया रिकामे हंडे घेऊन आमच्या दारात भांडायला हजर. या कामासाठी पंचायतीने सायकल दिली होती. ती एके दिवशी चोरीला गेली. नवी सायकल मंजूर होईपर्यंत अर्धं वर्ष गेलं आणि तेवढे दिवस हा माणूस खांद्यावर किल्ली टाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहिला. सायकल आली तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मला पळायची गोडी लागलीय."

गोडी कसली, खूळच ते. सकाळी पाणी सोडून झालं की घोडेगावच्या रस्त्याने पळायचं. उसाच्या बैलगाड्या याच्यामागे पडायच्या आणि गाडीवान हसायचे. मी सुरुवातीला खूप भांडले. चपला झिजतात, भाकरी दुप्पट लागते, आणि लोक विचारतात की तुमच्या मालकांच्या मागे कुणी लागलंय का. पण पळून आल्यावर हा माणूस जो काही दिसायचा, तसा लग्नातही दिसला नव्हता. मग मी भांडण सोडलं आणि भाकरी वाढवली.

नगरला तेव्हा एका बँकेतर्फे दरवर्षी बेचाळीस किलोमीटरची दौड व्हायची. शहरातून निघायचं, औरंगाबाद रस्त्याने जेऊरच्या पुढे जायचं आणि परत फिरायचं. पाच तासांच्या आत आपल्या पायांनी मैदानात पोचेल त्याला पितळी पदक. पंच्याण्णव साली कारभारी उतरले. येताना शेंडी गावाच्या अलीकडे पोटऱ्यांत गोळे आले आणि रस्त्यातच बसले. बँकेच्या माणसांनी उचलून मागच्या टेम्पोत घातलं. त्या टेम्पोत कांद्याची रिकामी पोती होती, त्यांवर आडवे होऊन आमचे धावपटू परत आले. गावाला एवढंच पुरलं. पाणी सोडायला निघाले की ओट्यावरून हाळी यायची, "टेम्पो आला रे!" ते हसून किल्ली फिरवायचे. पण घरी आल्यावर जेवताना मान वर करायचे नाहीत, ते मी बघत होते.

पुढच्या वर्षी पुन्हा उतरायचं ठरलं. उतरायला हवंच होतं, कारण शर्यतीला चाळिशीच्या आतलं वय हवं अशी अट होती आणि शहाण्णवच्या दिवाळीत यांना चाळीस पुरी होत होती. ही शेवटची संधी. शर्यत जुलैतल्या दुसऱ्या रविवारी. सरावाचा मोठा पल्ला रविवारीच जमायचा, कारण त्या दिवशी यांचा जोडीदार पाणी सोडायचा.

आणि नेमका त्याच वेळी धोंड्याचा महिना आला.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात जावयाला देव करतात. घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, अनारसे आणि दिवा यांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. आणि ते फक्त सख्ख्या सासूने करून भागत नाही. मावशी म्हणते माझाही जावईच की. चुलत्याला वाटतं, आपल्याला वगळलं. मामा तर रुसूनच बसतो. आमच्या नातेवाइकांनी महिन्यातले चारही रविवार आपसांत वाटून घेतले, आम्हाला विचारलंही नाही. मानाप्रमाणे आधी घोडेगावची रतनबाई मावशी, मग नेवाशाचे चुलते, मग कोपरगावचे मामा, आणि घरचा मान म्हणून शेवटचा रविवार माझ्या आईचा. तो शर्यतीचा दिवस.

"शर्यत अकराला संपती," कारभारी म्हणाले. "तिथून एसटी धरली तर दुपारच्या जेवनाला तुझ्या माहेरी. जमंन की."

"आणि आधीचे तीन रविवार?"

त्यांनी बोटांवर रविवार मोजले. मग म्हणाले, "पाव्हन्यांकडं जायचंच हाय ना? मग पळतच जातो."

मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, आतून मला ते आवडलंही. ठरलं असं की यांनी अंधारात निघायचं, मी सकाळच्या एसटीने पिशवी घेऊन जायचं. पिशवीत यांचं धोतर, सदरा, टोपी, टॉवेल. गावाबाहेर विहिरीवर मी थांबायचं, यांनी अंघोळ करून कपडे बदलायचे, आणि मग दोघांनी जोडीने, रमतगमत, दारात. मावशीकडे हे छान जमलं. घोडेगाव जवळच पडतं म्हणून हे आधी उलट दिशेला पळून आले, तरी मावशीला पत्ता नाही. उलट ती म्हणाली, "जावई लई चांगला जेवतो गं." पाच धोंडे खाल्ले होते. जेवणार नाही तर काय?

नेवाशाच्या रविवारी मात्र घोटाळा झाला. यांचं पाणी संपलं. पाण्याची दुसरी बाटली माझ्या पिशवीत राहिली होती. खरवंडी सोडल्यावर माझी एसटी यांना ओलांडून पुढे निघाली तेव्हा यांनी मला खिडकीत पाहिलं आणि हात वर करून ओरडायला लागले, "भारती! अगं पिशवी! थांब की!" अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, घामाने निथळलेले, आणि गाडीमागे जीव तोडून पळतायत. मी लाजेने मेले. सगळी एसटी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, "नका ओरडू! या मागून!" आणि पदर ओढून बसले.

त्या गाडीत माझ्या माहेरच्या भावकीतला कानिफनाथ होता. एवढ्या वर्षांत त्या माणसाने एक गोष्ट कधी सरळ सांगितली असेल तर शपथ. त्याने काय पाहिलं? भारती एकटी, मांडीवर भरलेली पिशवी, तोंड पाडलेलं. मागे जावई अर्ध्या कपड्यांत, "थांब, थांब" म्हणत गयावया करतोय. आणि बाई म्हणते, या मागून. याचा आमच्या मुलखात एकच अर्थ होतो. लेक नांदायचं सोडून निघाली. तेही धोंड्याच्या महिन्यात.

मंगळवारी माझे वडील सोनईला आले. माझ्या वडिलांचं नाव पुंजाराम; आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कारभारी मामा म्हणतात. फेटा बांधल्याशिवाय ते परसातही जायचे नाहीत. बरोबर भावकीतले दोन म्हातारे आणले होते, बैठकीला. ओट्यावर बसले, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला, आणि सरळ विचारलं, "पोरीला काय तरास हाय, ते कळू द्या."

मला वाटलं धरणी दुभंगावी. कारभारी तर भांबावून गेले. मी मात्र भडकले. सगळं सांगितलं: शर्यत, सराव, पिशवी, बाटली. म्हातारे एकमेकांकडे बघून हसायला लागले. तिथे अण्णाही हसले असते तर बरं झालं असतं. पण ते बैठक घेऊन आले होते, गावात सांगून आले होते, आणि आता हसं होऊन परत जायचं होतं. त्यांचं तोंड लाल झालं.

"चाळिशीचा बाप्या अर्ध्या चड्डीवर रस्त्यानं पळतो," ते म्हणाले, "आन् त्याच्यापायी माझी पोरगी चार गावांत बदनाम. ऐका पाव्हणं. आमच्या धोंड्याला सकाळी नवाच्या आत दारात पायजे. गाडीनं. टोपी घालून. भावकीला बोलावलंय मी. पळत यायचं आसंल तर माझ्या दारात पाय ठेवू नका."

"मामा, त्या दिवशी..." कारभाऱ्यांनी सुरुवात केली. अण्णा उठून चालायलाही लागले होते.

त्या दिवसापासून यांनी पळणं बंद केलं. मी चिडले, रडले, म्हणाले की मी अण्णांना बघून घेते. हे म्हणाले, "नको. तुझ्या आईचं मन मोडून पळायचं कशाला? त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, जिना चढल्या की धाप. पुढचा धोंडा तीन वर्षांनी. पदक काय, नसलं म्हनून माणूस मरत न्हाई." पुढच्या रविवारी आम्ही कोपरगावला माझ्या मामांकडे एसटीने गेलो. टोपी घालून. मामा खूश. हे मुकाट्याने धोंडे खात होते आणि मी त्यांचे पाय बघत होते. पाटावर बसूनही अंगठे सारखे हलत होते.

बुधवारी मी कुणाला न सांगता माहेर गाठलं. अण्णा मळ्यात होते. आई, म्हणजे रंगुबाई, अनारशांचं पीठ मळत होती. दिसायचं कमी, म्हणून पिठात बोट दाबून बघायची आणि ते बरोबर असायचं. मी फणकाऱ्यातच सगळं ओतलं. ती मळत राहिली. शेवटी विचारलं, "मागल्या साली त्यांना टेम्पोत घालून आनलं?"

"हो."

"मग लोक काय म्हनत्यात?"

"टेम्पो म्हणतात. सकाळी पाणी सोडायला निघाले की ओरडतात."

तिचा हात थांबला. "रोज?"

"रोज."

"आन् पळाले तर या साली म्हननार न्हाईत?"

"पोचले तर नाही म्हणणार."

ती पुन्हा मळायला लागली. मला वाटलं विषय संपला. मग म्हणाली, "वान द्यायचं त्ये जावयाला. दाराला न्हाई. त्यांना सांग, पळा म्हनावं. तुझ्या बापाचं मी बघते."

तिने काय बघितलं हे मला नंतर भावाकडून, संदीपकडून कळलं. तिने काहीच केलं नाही. दोन दिवस स्वयंपाक केला, ताट वाढलं, पाणी दिलं, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. अण्णांना शिव्या चालतात, पण अबोला सोसत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नगरला जायला शेजारचा कांद्याचा टेम्पो ठरवला.

मला याचा पत्ता नव्हता. यांना तर नव्हताच. यांना मी एवढंच सांगितलं होतं की आई म्हणते पळा, आपण संध्याकाळी जाऊ. रविवारी पहाटे नगरला मैदानावर आम्ही दोघंच होतो. हे लहान मुलासारखे हसत होते. मग शिट्टी झाली आणि ते सगळ्यांबरोबर निघून गेले. ढगाळ हवा होती, पळायला चांगली. मी मैदानाच्या कडेला टॉवेल घेऊन बसले आणि अधूनमधून देवाला धमकी देत राहिले.

पुढचं मी पाहिलं नाही, संदीपने सांगितलं. तो कोपरगावच्या कारखान्यात फिटर होता, सुट्टीला आला होता. टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ अण्णा, फेटा बांधून. मागे आई, संदीप आणि पुरणाची पातेली. जेऊर ओलांडून नगरकडे येताना त्यांना कारभारी दिसले. पळत नव्हते. रस्त्याच्या कडेला बाभळीला धरून उभे होते, पोटरी दाबत. गेल्या वर्षीचीच पोटरी. दोन आठवड्यांचा बुडालेला सराव आणि कोपरगावचे धोंडे, दोन्ही एकदम वसूल होत होतं.

मागे टेम्पो थांबल्याचा आवाज आला. यांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांना वाटलं, बँकेचाच टेम्पो. "मला नको!" दोन्ही हात वर करून ओरडले. "मी येतो! मला नको टेम्पो!" संदीप सांगतो, दाजींचा आवाज ऐकून त्याला भरून आलं. त्याने खाली उडी मारली, "दाजी, आम्ही आहोत," म्हणत खांद्याला धरलं. पुढून अण्णा म्हणाले, "लई झालं. घाल त्यांना गाडीत."

तेव्हा आई फळीला धरून उठली. तिला धड दिसत नव्हतं, आवाजाच्या दिशेने बोलली.

"संदीप, सोड त्यांना. वर चढ." मग म्हणाली, "जावईबापू, ह्या टेम्पोत जागा न्हाई. पुरनाची पातेली हायती. तुमी या मागून."

आणि ड्रायव्हरला गाडी हाकायला सांगितली.

संदीप म्हणतो, दाजी आधी नुसते बघत राहिले आणि मग हसायला लागले. पोटरी दाबत, डोळ्यांत पाणी, आणि हसतायत. लंगडत चार पावलं टाकली. मग आणखी चार. टेम्पो हळूहळू पुढे, हे मागे. शेंडी आली तेव्हा हे पुन्हा पळत होते. फार वेगात नाही. पण पळणंच म्हणावं लागेल असं.

मैदानावर तोवर मंडप सोडायला घेतला होता. टेम्पोतून आई आणि अण्णा उतरताना दिसले. मला वाटलं यांना मागे आडवं घातलंय. मी धावत गेले, फळीवरून डोकावले, तर आत पातेली. अण्णा तोवर बँकेच्या माणसापाशी पोचले होते. तो टेबल उचलत होता. अण्णांनी टेबलावर हात ठेवला.

"येळ झाली का?"

"थोडी राहिलीय. पण आता कोण येणार, बाबा?"

"माझा जावई येतोय," अण्णा म्हणाले. "पळत."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही की मी ऐकले.

कारभारी आले. वेळेच्या आत आले, पण फार आत नाही. सगळ्यांत शेवटी आले म्हणा. मंडपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, बँकेच्या माणसाने पदक गळ्यात घातलं. मी तोंडावर टॉवेलच दाबून धरला. संदीपने घडीची खुर्ची आणली आणि दाजींना बसवलं. आईने समोर परात ठेवली, तांब्या घेतला, आणि थांबली.

"जावईबापू, पाय."

यांना वाकता येईना. बूट घट्ट बसलेले, नाड्या घामाने भिजून गाठी आवळलेल्या. मी पुढे झाले. पण माझ्या आधी अण्णा खाली बसले. फेट्यासकट, मातीत, मांडी घालून. यांचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि नखांनी गाठ सोडवायला लागले.

"मामा, नको," कारभारी ओशाळून म्हणाले.

"गप बसा," अण्णा म्हणाले. मान वर केली नाही. दोन्ही बूट काढले. मोजे रक्ताने चिकटले होते, ते हळूच सोडवले. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. अण्णा त्या पायांकडे बघत राहिले. मग दोन्ही पाय धरून स्वतः परातीत ठेवले. आईने पाणी सोडलं, हाताने चाचपून प्रत्येक बोट धुतलं, आणि म्हणाली, "लई तापलेत गं."

धोंडे आम्ही तिथेच मैदानात खाल्ले, मंडपवाल्यांनाही दिले. निघताना अण्णा यांच्याकडे न बघता म्हणाले, "पुढल्या धोंड्याला नेवाशापास्नं पळत या. मी येशीत उभा ऱ्हातो."

नव्व्याण्णव सालचा धोंडा भर उन्हाळ्यात आला. हे पळत गेले, मी पिशवी घेऊन एसटीने. वेशीत अण्णा उभे होते, फेटा बांधून, हातात पाण्याचा तांब्या. आणि त्यांच्या सावलीत खुर्ची टाकून आई बसली होती.